कोळंबी विषाणूशी कशी लढते?

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, म्हणजे बाजारातली ‘स्कॅम्पी’, पाळणाऱ्यांना धास्ती असते ती शेपटी पांढरी पडण्याच्या रोगाची. तो पिल्लांच्या टाकीत शिरला की काही दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर १९९०च्या दशकात आढळलेला हा रोग पुढे चीनमध्ये आणि भारतातही आला. त्याच्यासोबत काही समजही पसरले.

गैरसमज : कोळंबीला प्रतिकारशक्तीच नसते.
ती आपल्यासारखी प्रतिपिंडे बनवत नाही, एवढेच खरे. तिचा बचाव वेगळ्या मार्गाने होतो. या रोगाचा विषाणू आरएनएचा. पेशीत त्याच्या प्रती निघताना आरएनए दुपदरी होतो. डायसर हे विकर तो दुपदरी धागा ओळखून त्याचे बारीक तुकडे करते. आर्गोनॉट हे प्रथिन त्यातला एक तुकडा नमुना म्हणून धरते आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए कापून टाकते. इतकी नेमकी ओळख प्रतिपिंडांशिवाय पटते, याचे मला फार अप्रूप वाटते.

गैरसमज : चांगले जनुक अंगात असले की झाले.
जनुक असून भागत नाही, ते वेळेवर चालू व्हावे लागते. विषाणूची चाहूल लागताच डॉर्सल, रेलिश यांसारखी प्रथिने पेशीकेंद्रात जाऊन संरक्षक जनुके जागी करतात. काम झाल्यावर ती शांतही व्हावी लागतात, कारण सतत लढण्यात वाढीची ताकद खर्च होते. विषाणूही अशी यंत्रणा स्वतःसाठी वापरतो. खाऱ्या पाण्यातल्या टायगर कोळंबीत पांढऱ्या ठिपक्यांच्या वेगळ्या रोगाचा विषाणू कोळंबीचेच ‘स्टॅट’ हे जनुके जागी करणारे प्रथिन वापरून स्वतःचे एक सुरुवातीचे जनुक जोमाने चालवतो, हे २००७मध्ये दिसून आले. म्हणून एखादे जनुक ‘वाढले’ एवढ्यावरून कोळंबी जिंकतेय असे म्हणता येत नाही.

गैरसमज : जनुक गप्प केले म्हणजे प्राणी जनुकपरिवर्तित झाला.
दुपदरी आरएनए टोचला की वरचीच डायसर-आर्गोनॉट यंत्रणा जनुकाचा निरोप थांबवते, डीएनए तसाच राहतो. इस्रायलमध्ये याच पद्धतीने एक जनुक थांबवल्यावर नर स्कॅम्पीचे अंडी देणाऱ्या मादीत रूपांतर झाले.

गैरसमज : प्रतिजैविक टाकले की रोग आटोक्यात येतो.
विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही.

गैरसमज : मोठी कोळंबी धडधाकट दिसते, म्हणजे निरोगी आहे.
हा समज सर्वांत महागात पडतो. प्रौढ कोळंबी आजारी न दिसता विषाणू बाळगते, आणि मादीकडून तो पिल्लांत उतरतो. कोविडमध्ये घरोघरी माहीत झालेली आरटी-पीसीआर चाचणी इथेही चालते. बीज घेण्यापूर्वी त्या चाचणीचा अहवाल मागा, आणि तो नसेल तर बीज घेऊ नका.