मेंढरांच्या खुरांखाली तळं

आषाढात तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीत येते, तेव्हा रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. आधी धोतरांच्या पायघड्या, मग धनगरांची मेंढरं. पालखी भवानीनगरच्या दिशेनं निघून गेली की गर्दीही तिच्यामागे जाते. अशा वेळी जरा मागे रेंगाळून रस्त्याच्या कडेची ओली माती वाकून बघावी. मेंढराच्या खुराचे दोन पाकळ्यांचे ठसे तिथे दाटीनं उमटलेले असतात. ठशाच्या तळाची माती बोटाला गुळगुळीत लागते, बोटभर पलीकडची मात्र भुसभुशीत. रात्री एखादी सर येऊन गेली, तर सकाळी बाकीच्या जमिनीनं पाणी पिऊन टाकलेलं असतं आणि ठशांत ते तसंच साचलेलं असतं. माती तीच आणि पाऊसही तोच, तरी एका जागी पाणी जिरलं आणि चार बोटांवर ते टिकलं.

गळक्या शेततळ्याचं उत्तर या ठशात आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

बारामतीच्या जिरायत भागानं पाणी जिरवण्यात नाव कमावलं. आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकारानं १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं. ७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे या तालुक्यात पाझर तलावांचं मोठं काम झालं. पाझर तलाव गळायलाच हवा, तो गळतो म्हणून खालच्या विहिरींना पाणी येतं. शेततळ्याचं गणित याच्या उलट आहे. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात ऑगस्ट-सप्टेंबरात भरलेलं पाणी डाळिंबाला किंवा जनावरांना मार्चपर्यंत पुरवायचं, तर ते एका जागी थांबलं पाहिजे. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत खोदलेली तळी तुम्ही पाहिली असतील. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या कडा, अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. पण पोकलेननं वरची काळी माती काढली की खाली चुनखडी लागते, त्याखाली मुरूम. मुरूम म्हणजे कुजलेला बेसॉल्ट, त्यात फटीच फटी. भरलेल्या तळ्याची पातळी दिवसाला नुसती एक सेंटिमीटर उतरली, तरी नऊ हजार लिटर पाणी गेलं.

म्हणून तळ्यात कागद टाकतात. शेतकरी ज्याला कागद म्हणतात ते पाचशे मायक्रॉनचं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक. मोठ्या आणि खोल तळ्याला दुसरा पर्याय नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. पण घरामागचं छोटं तळं, शेळ्या-मेंढ्यांच्या पाण्याचं डबकं, मासे सोडायची खाचर यांच्यासाठी कागदाचा खर्च जड जातो. तो उन्हानं कडक होतो, उंदीर-खेकडे त्याला भोकं पाडतात, आणि त्याच्या निसरड्या कडेवरून पाय घसरलेलं जनावर किंवा मूल सहजासहजी वर येत नाही. अशा लहान तळ्यांसाठी मातीचं अस्तर हा चांगला उपाय आहे, आणि ते घट्ट करणारं यंत्र आपल्या माळावर रोज चरत असतं.

काळ्या मातीचे कण पत्र्यासारखे चपटे आणि डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. नांगरटीत ते पुंजक्यांनी राहतात आणि दोन पुंजक्यांच्या मध्ये वाटा मोकळ्या असतात. पाणी पळतं ते या वाटांनी. माती दमट करून मळली की पुंजके फुटतात, पत्रे एकमेकांवर आडवे बसतात, आणि पाण्याला प्रत्येक पत्र्याला वळसा घालत खाली उतरावं लागतं. पाणी अडतं ते या रचनेमुळे. चांगल्या दाबलेल्या चिकणमातीचा एक फूट थर आणि त्यावर तीन मीटर पाणी धरलं, तरी झिरपणं दिवसाला एका मिलिमीटरच्या आसपास आणता येतं. त्याच्या कितीतरी पट पाणी एप्रिलचं ऊन उडवून नेतं.

आपल्या आजोबांना हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण ज्वारीचं खळं ते असंच करत. जागा भिजवायची, थोडा भुसा पसरायचा, तिवड्याभोवती बैल फिरवायचे, मग चोपणीनं चोपून शेणानं सारवायचं. त्या जमिनीत दाणाही रुतत नसे. याच जिल्ह्यात पश्चिमेला मुळशी-मावळात भातखाचरांची चिखलणी होते. बैलांच्या पायांनी आणि नांगराच्या फाळानं चिखलाखाली एक घट्ट थर बसतो आणि त्यावर भाताचं पाणी उभं राहतं. म्हशीच्या लोळणीचं डबकं माळावरच्या बाकीच्या खळग्यांपेक्षा उशिरा आटतं, त्यामागचं कारणही हेच. अमेरिकेच्या गवताळ मैदानात बायसनांच्या लोळणीनं झालेल्या खळग्यांत पावसाचं पाणी असंच साचतं.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात कालवे खोदले गेले तेव्हा जेम्स ब्रिंडली या अभियंत्यानं तळाला मळलेल्या चिकणमातीचं अस्तर देण्याची पद्धत रूढ केली. १७६१ मध्ये सुरू झालेला ब्रिजवॉटर कालवा त्याच्या हातचा. ती माती तुडवायला पुढे कालव्यांच्या कोरड्या पात्रातून गुरं हाकली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात एक रोलर तयार झाला. लोखंडी पिंपावर खुरांसारखे दांडे बसवलेले, नाव शीपफूट, म्हणजे मेंढीचा पाय. आज मातीच्या धरणाचा गाभा याच जातीच्या रोलरनं दाबतात.

गुळगुळीत रोलर वरचा पापुद्रा दाबतो आणि खालची माती सैल राहते. मेंढीचं खूर आधी थराच्या तळापर्यंत रुततं आणि तिथली माती घट्ट करतं. पुढच्या फेरीला ते थोडं कमी रुततं, त्यापुढे आणखी कमी. माती तळातून वर घट्ट होत येते आणि शेवटी खूर वरच राहतं, नुसता ठसा उमटतो. खूर रुतेनासं झालं की थर झाला. तीस किलोची मेंढी चार खुरांवर उभी असते, एकेक खूर फार तर बारा चौरस सेंटिमीटरचं. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहाशे ग्रॅमहून जास्त भार, आणि चालताना त्याहून अधिक. कित्येक टनांच्या पोकलेनचं वजन रुंद पट्ट्यावर पसरतं, त्यामुळे त्याचा दाब याच्या आसपासच असतो.

मी कागदावर एक हिशेब मांडून पाहिला. वीस मीटर लांब-रुंद तळं, म्हणजे चारशे चौरस मीटर. दीडशे मेंढरांची सहाशे खुरं. प्रत्येक खूर एकदा टेकलं की पाऊण चौरस मीटरला थोडी कमी जागा दाबली जाते. सगळा तळ एकदा तुडवायला प्रत्येक मेंढराला साडेपाचशे-पावणेसहाशे पावलं टाकावी लागतील, म्हणजे चारशे मीटर चाल. दहा वेळा तुडवायचं तर चार किलोमीटर. ठसे एकावर एक पडतात, म्हणून दुप्पट धरा. तरी एका थराचं काम दोन सकाळींचं आहे.

अट एकच आहे, ओलावा नेमका हवा. १९३३ मध्ये लॉस एंजेलिसच्या राल्फ प्रॉक्टर या अभियंत्यानं दाखवून दिलं की प्रत्येक मातीला तिचा एक योग्य ओलावा असतो. त्याच्या अलीकडे ढेकळं मोडत नाहीत आणि पलीकडे दाब पाण्यावरच पडतो. शेतात यासाठी उपकरण लागत नाही. मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे, तळहाताला राड लागता कामा नये, आणि तळव्यांत घोळवली तर पेन्सिलीएवढी वळी निघाली पाहिजे. थर वीतभरापेक्षा कमीच टाकावा आणि तुडवून झाल्यावर दुसरा. पाझर तलावातून उपसलेला गाळ मिळाला तर फारच उत्तम, कारण तलावाच्या तळाशी पाण्यानं स्वतःच निवडून ठेवलेले ते सर्वांत बारीक कण असतात.

मेंढरं तुडवता तुडवता लेंड्याही टाकतात, आणि त्याही कामाच्या आहेत. पहिल्या थरावरच्या लेंड्या दुसऱ्या थराखाली गाडल्या जातात. पाणी भरल्यावर तिथे हवा पोचत नाही, आणि बिनहवेत वाढणारे जिवाणू बुळबुळीत स्राव सोडतात. उरलेली सूक्ष्म छिद्रं त्यानं बुजतात. वरच्या थरावर मात्र लेंड्या राहू देऊ नयेत, पाणी हिरवं पडतं.

नीरा डाव्या कालव्याकाठचा वाचक इथे विचारेल की आमच्या चोपण जमिनीत मेंढरांशिवायच पाणी जिरत नाही, ते का? कालवा १८८५ मध्ये आला आणि पुढे काठच्या जमिनी खारवल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्येच लिहून ठेवलं आहे. चोपण जमिनीत सोडियम वाढतो, कणांचे पुंजके विरघळतात आणि सुटे पत्रे सगळ्या वाटा बुजवतात. खुरांनी दाबून जे होतं तेच तिथे रसायनानं झालं. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम कणांना पुंजक्यांत धरून ठेवतो, म्हणून तिथलं तळं जास्त गळतं. अमेरिकेत काही गळक्या तळ्यांत म्हणूनच धुण्याचा सोडा मिसळतात. आपण तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते पाणी पुढे पिकाला जाणार, आणि चोपण जमिनीचं दुःख कालव्याकाठच्या गावांनी पुरेसं भोगलं आहे.

काळ्या मातीचा दोषही लपवत नाही. ती सुकली की भेगाळते, आणि भेगाळलेलं अस्तर पहिल्या पाण्याला धरत नाही. तिच्यात बारीक मुरूम कालवला तर भेगा कमी पडतात. वर वीतभर साध्या मातीचं पांघरूण घालावं आणि उन्हाळ्यात तळाशी थोडं पाणी राखावं. कातळाची उघडी भेग दिसली तर ती आधी चिखलानं ठासून बुजवावी, मेंढरं ती बुजवू शकत नाहीत. एकास एक उतारावर मेंढरू टिकत नाही. कड एकास तीन उताराची, चालत उतरता येईल अशी ठेवावी. तिथून पडलेलं लेकरूही चालत बाहेर येतं.

आणि मेंढरांची काळजी. राडीत उभ्या राहिलेल्या मेंढराची खुरं सडतात, साचल्या पाण्याच्या गोगलगाईंमधून यकृताचे जंत येतात. माती मळण्याइतकी दमट हवी, चिखल नको, असं म्हटलं ते मेंढरांच्याही हिताचं आहे. काम झालं की त्यांना पुन्हा तळ्यात उतरू देऊ नये, पाणी बाहेर हौदात काढून पाजावं.

तळं भरल्यावर गळती मोजायची सोपी रीत आहे. पाण्याने भरलेली बादली तळ्यातच काठाशी दगडावर ठेवायची, तिचा गळा पाण्याच्या वर राहील अशी. बादलीतल्या आणि तळ्यातल्या पातळीवर खुणा करायच्या. बिनपावसाचे तीन दिवस गेले की बादलीत जेवढं उतरलं तेवढं उन्हानं नेलं. तळ्यात त्याहून जास्त उतरलं असेल, तर तो फरक गळतीचा.

रानात मेंढरं बसवायचे पैसे किंवा धान्य धनगराला देण्याची रीत इथे जुनी आहे. तळं तुडवण्याचा मोबदलाही तसाच ठरवून रोख द्यावा, कारण यात कळपाचा चरायचा वेळ जातो. दिवाळीनंतर कोकणाकडे गेलेले धनगरांचे वाडे मृगाच्या सुमाराला परततात. त्याच सुमाराला पहिल्या सरींनी माती लाडू वळण्याइतकी ओली होते. या भागातला खरा पाऊस यायला मात्र बहुधा भाद्रपद उजाडतो. म्हणजे दोन थर टाकायला, तुडवायला आणि तपासायला हातात दोन महिने मिळतात, आणि त्या दोन महिन्यांत कळप गावातच असतो.