धडधाकट मांजर अचानक का दगावतं?

रात्री नीट जेवलेलं मांजर सकाळी निपचित सापडलं, की पहिला संशय विषाचा, दुसरा शेजाऱ्यांवर. पण अशा मृत्यूमागे अनेकदा हृदयविकार असतो. हृदयाचा स्नायू जाड होत जातो आणि बाहेर काहीच दिसत नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हौसेने पाळल्या जाणाऱ्या पर्शियन मांजरांतही तो आढळतो. निदान इको तपासणीने होतं. घरी गाढ झोपेतले श्वास मोजा. मिनिटाला ३० च्या वर वारंवार गेले, तोंड उघडून धाप लागली किंवा मागचे पाय एकाएकी लुळे पडले, तर लगेच पशुवैद्यकांना गाठा. मांजर गेलंच आणि घरात दुसरं असेल, तर शवविच्छेदन जरूर करून घ्या. संसर्ग किंवा विषबाधा होती का, हे त्यातून कळू शकतं. औंधला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात त्याबाबत विचारता येईल.