वऱ्हाडचे ताम्रपट : पत्र म्हणून वाचन

ताम्रपटांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा वंशावळी व कालगणना यांसाठी केला जातो. परंतु ताम्रपट हे रचनेने एक पत्रच आहे, आणि त्या दृष्टीने वाचल्यास त्यातून निराळी माहिती हाती येते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

तुलनेसाठी इजिप्तकडे पाहावे. सातव्या शतकाच्या आरंभी कॉप्टोस येथे बिशप असलेल्या पिसेंतिउसच्या पत्रव्यवहारातील पपायरसवरील कॉप्टिक पत्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. तेथील कोरड्या वाळूमुळे सामान्य जनांच्या विनवण्या व तंटे त्यांच्याच शब्दांत टिकून राहिले. वऱ्हाडात ताडपत्रासारख्या नाशवंत साधनांवरील तत्कालीन पत्रव्यवहार पावसाने व कसरीने नाहीसा केला. उरली ती तांब्यावरील राजपत्रे.

अचलपूरजवळील चम्मक येथे सापडलेला वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याचा, त्याच्या राज्यवर्ष १८ मधील ताम्रपट हे याचे उत्तम उदाहरण होय. भोजकट राज्यातील, मधुनदीकाठचे चर्मांक हे गाव १००० ब्राह्मणांना दिल्याचे त्यात नमूद आहे. आरंभी पाठविणारा कोण व कोठून लिहितो हे येते. पुढे अधिकारी व सैनिक यांना उद्देशून ‘विदितमस्तु वः’ असे म्हटले आहे. त्यानंतर आज्ञा येते. प्रतिग्रहीत्यांनाही अटी घातल्या आहेत : राजद्रोह, चोरी, परस्त्रीगमन करू नये, अन्य गावांना उपद्रव देऊ नये, अन्यथा राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. दानपत्रातील हा सावध स्वर लक्षणीय आहे.

या पत्रात ४९ ब्राह्मणांची नावे आहेत. शेत कसणाऱ्या एकाचेही नाव नाही. तथापि दिलेल्या सवलतींची यादी उलट बाजूने वाचावी. गायीबैल, फुले व दूध, चामडे व कोळसा, वेठबिगार यांतून गाव मुक्त केले आहे. अर्थात, इतर गावांकडून या गोष्टी घेतल्या जात असल्या पाहिजेत. कुणब्याचे पत्र उरले नसले, तरी त्याच्यावरील ओझ्याची नोंद राजाच्या पत्रात अशी नकळत उरली आहे.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेल्या व १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झालेल्या वाशीम येथील द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशवर्णन संस्कृतात, तर व्यवहाराचा भाग मुख्यतः प्राकृतात आहे. प्रतिष्ठेची भाषा एक आणि हुकूम समजावा यासाठीची दुसरी, असा हा विभाग दिसतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथील ताम्रपटात तर प्रभावतीगुप्ता स्वतः बोलते. ती वाकाटकांची राणी व राजमाता. परंतु गोत्र मात्र माहेरचे, धारण, सांगते. पाठविणारी व्यक्ती कोण, हा पत्राचा पहिला प्रश्न येथे वंशावळीपेक्षा अधिक काही सांगून जातो.

डॉ. वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली वाकाटकांचे लेख एकत्र संपादून दिल्याने पाठाची सोय झालेली आहे. अभ्यासकाने आता प्रत्येक लेखास तीन प्रश्न विचारावेत : कोणी लिहिले, कोणास लिहिले, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना त्यात बोलू दिले काय? तिसऱ्याचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. परंतु तो प्रश्न न विचारल्यास वऱ्हाडचा इतिहास केवळ दात्यांचाच इतिहास होऊन बसेल.