थोडक्यात गेलं की ओ!

सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा. दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता पडल्यात. आता संध्याकाळचे सात वाजलेत आणि होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाय ठेवायला जागा नाही. बाराबंदी अजून अंगावर असलेली माणसं पोराबाळांचे हात धरून पाळण्याच्या रांगेत उभी आहेत. धूळ, भज्यांचा वास, कुठल्या तरी भोंग्यातून वाजणारं जुनं गाणं. मी एका रिंगवाल्याच्या स्टॉलच्या बांबूला टेकलोय. खेळत नाही, नुसता बघतोय.

चौकोनी कठड्याच्या आत लाल कापड. कापडावर लाकडी ठोकळे, ठोकळ्यांवर साबण, पावडरचे डबे, स्टीलचे ग्लास. ऐन मध्यावर एक मनगटी घड्याळ. ५० रुपयांत सहा रिंगा. रिंग ठोकळ्यातून उतरून सपाट कापडाला टेकली पाहिजे. तिरकी अडकली तर धरायची नाही.

"कुठलं पाहिजे बे तुला?" एक बाप पोराला विचारतो. बापाच्या खांद्यावर अक्षतेचे दोन तांदूळ अजून चिकटलेले. पोरगं आठ-नऊ वर्षांचं. ते बोट घड्याळाकडे करतं.

पहिली रिंग पार कोपऱ्यात जाते. दुसरीही. रिंगवाला गप्प. तिसरी घड्याळाच्या ठोकळ्याच्या कडेवर आपटते, उभी राहते, गिरकी घेते आणि पलीकडे पडते.

"अरारारा! थोडक्यात गेलं की ओ अण्णा!"

त्याचा आवाज असा कळवळतो, जणू स्वतःचंच घड्याळ गेलं. बाप पोराकडे बघून हसतो, बाही वर सारतो. सहा रिंगा संपतात. हात आपोआप खिशाकडे जातो.

या 'थोडक्यात'चा मेंदूत काय गोंधळ होतो, हे केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासलं होतं. लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून चित्रांच्या फिरत्या चाकांचा जुगार खेळायला दिला. चित्र एका घराने हुकलं की लोक म्हणत, साफ हरण्यापेक्षा हे जास्त लागतं. तरी पुन्हा खेळायची इच्छा मात्र वाढलेली. आणि जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यातलेच काही या हुकण्यानेही जागे झालेले. त्यातही एक मेख होती: चित्र स्वतः निवडलं असेल तरच ही हाव वाढत होती. निवड यंत्राने केली तर नाही.

इथे तर रिंग स्वतःच्याच हातात आहे.

मेंदूला तरी काय दोष द्यायचा! चिंचा पाडताना दगड चिंचेला चाटून गेला तर पुढचा दगड मारण्यात शहाणपणच असतं. हात बसत चाललाय, असाच त्याचा अर्थ. हा हिशोब जिथे कसब आहे तिथे चालतो. ठोकळ्यावरून उडालेली रिंग कुठे जाईल हे कसब नाही, पण मेंदू तोच हिशोब लावतो.

एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली लॉटरीच्या तिकिटांवरून हेच दाखवलं. तिकीट १ डॉलरचं. हातात आलं तेच तिकीट ज्यांनी घेतलं, ते सरासरी १.९६ डॉलरला विकायला तयार झाले. स्वतः निवडून घेतलेल्यांनी मागितले ८.६७. सोडतीला काय कळतंय कोणी निवडलं ते!

गर्दी जरा हलते तशी मी रिंगवाल्याला विचारतो, "लांब पडली की तुम्ही काहीच बोलत नाही?"

तो रिंगा गोळा करता करता हसतो. वर्षभर जत्रा धरणारा माणूस. "लांबच्याला काय बोलायचं? बोललं की त्याला वाटतं आपल्याला जमत नाही, निघून जातो. घासून गेली की आपण नुसतं अरारा म्हणायचं बघा."

"बसते तरी का?"

"बसती की!" तो मध्ये उभा राहतो, घड्याळाच्या बरोबर वर हात धरतो आणि रिंग सोडतो. अलगद बसते. कठड्यापलीकडून मात्र ती तिरकी येते, आणि तिरक्या रिंगेचं तोंड अरुंद होतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यांपेक्षा ती मुळात जेमतेम बोटभर मोठी. याला फसवणूक म्हणवत नाही, सगळं उघड्यावर मांडलंय. फक्त तो उभा आहे तिथे आपल्याला उभं राहता येत नाही.

बापाचे तीन डाव झालेत. दीडशे रुपये. शेवटची रिंग पुन्हा घड्याळाला घासून गेली आणि पुन्हा तोच कळवळा झाला. पण आता पोराची आई कुठूनशी येते, काही न बोलता नवऱ्याकडे एकदाच बघते. डाव तिथे संपतो.

जाताना पोरगं बापाचा हात ओढतंय. "अप्पा, शेवटची बसलीच होती की! उद्या होमाला आल्यावर परत टाकायचं का?"

मी इथे तासभर उभा आहे. १९ गिऱ्हाइकं मोजली. दोन साबण आणि एक ग्लास गेला. घड्याळ आहे तिथेच आहे.