तान्ह्या बाळाची झोप व भूक

मूल जन्मल्यावर पहिला तास-दीड तास तें बहुधा चांगलें जागें असतें. डोळे उघडून पाहतें, आईच्या छातीवर ठेविलें तर आपण होऊन स्तन शोधूं लागतें. त्यानंतर मात्र तें जें झोपीं जातें, तें पुष्कळ वेळ उठावयाचें नांव घेत नाहीं. पहिल्या दिवसांत असें होणें स्वाभाविकच आहे. घरांतील वडील मंडळी कौतुकानें म्हणतात, "मोठें गुणी बाळ, मुळींच त्रास देत नाहीं." आणि निजलेलें मूल उठवूं नये, हा तर घरोघरचा जुना संकेत आहे. दोन-तीन महिन्यांच्या बाळसेदार मुलापुरता तो संकेत योग्यच होय. पण जन्मानंतरच्या पहिल्या पंधरवड्यांत तो घातक ठरूं शकतो. या दिवसांतील शांत झोप ही पोट भरल्याची खूण असेलच असें नाहीं.

मोठ्या माणसास भूक लागली कीं त्याची झोप उडते. नवजात बालकाचें बरेचदां याच्या उलट घडतें. दूध कमी गेलें कीं अंगांतील शक्ति कमी होते, शक्ति कमी झाली कीं तें अधिक झोपतें, आणि अधिक झोपलें कीं दूध आणखीच कमी जातें. रडावयासही बळ लागतें. ओठ चाळविणें, मान वळवून शोधणें, मूठ तोंडाकडे नेणें या भुकेच्या आधींच्या खुणा. रडणें ही अगदीं शेवटची. अशक्त मूल त्या शेवटच्या खुणेपर्यंत पोंचतच नाहीं. महिने पूर्ण होण्यापूर्वीं जन्मलेलीं किंवा वजनानें कमी असलेलीं मुलें या बाबतींत विशेष जपावीं लागतात.

या फेऱ्यांत काविळीची भर पडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पुष्कळ मुलें थोडीं पिवळीं दिसूं लागतात. रक्तांतील जुन्या तांबड्या पेशी मोडून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य तयार होतें. तें यकृताच्या द्वारें आंतड्यांत उतरून मळावाटें बाहेर जावयाचें असतें. दूध कमी गेलें म्हणजे मळही कमी होतो, आणि आंत राहिलेलें द्रव्य पुन्हां रक्तांत शोषलें जातें. तें वाढलें कीं मूल अधिकच सुस्त होतें, आणि फारच वाढलें तर मेंदूस कायमची इजा पोंचते. मुलास कोंवळ्या उन्हांत धरणें हा यावरील उपचार नव्हे. पहिल्याच दिवशीं पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर विनाविलंब डॉक्टर गांठला पाहिजे.

निपचित मूल म्हणजे सुखी मूल, या समजुतीची किंमत मुंबईनें एके काळीं मोजलेली आहे. १९२० च्या सुमारास तेथील गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक बाया पाळी संपेपर्यंत मूल झोपून राहावें म्हणून त्यास अफूची 'बाळागोळी' देत. बिचाऱ्यांचा नाइलाज होता, यांत शंका नाहीं. परंतु गुंगींतलें मूल दूध मागत नाहीं, आणि न मागणाऱ्याच्या पोटांत कांहीं जात नाहीं.

तेव्हां पाजावें किती वेळां? आईचें दूध लवकर पचतें, म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळां. दिवसा तीन तासांहून व रात्रीं चार तासांहून अधिक खंड पडूं लागला, तर पहिल्या पंधरवड्यांत मुलास उठवावें.

उठविण्यासही वेळ साधावी लागते. शिकागो येथील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन या संशोधकांनीं १९५३ सालीं झोपेंतील डोळ्यांच्या हालचालींचा शोध प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात तान्ह्या मुलांच्या निरीक्षणापासूनच झाली होती. मुलाची झोप सुमारें तासाभराच्या आवर्तनांत गाढ व हलकी होत असते. पापण्यांखालीं बुबुळें हलूं लागलीं, ओठ किंवा हातपाय चाळवूं लागले, कीं झोप हलकी झाली असें समजावें. गाढ झोपेंत झटापट करण्यापेक्षां थोडें थांबून ही संधि साधणें बरें. मग दुपटें सोडावें, लंगोट बदलावा, उघड्या अंगानें मुलास आईच्या छातीशीं धरावें, पाठ व तळपाय हळूंच चोळावे, दुधाचे दोन थेंब ओठांस लावावे. खोलींतील उजेड मंद असावा; झगझगाटांत मूल डोळे मिटून घेतें. तोंडावर गार पाणी मारण्याचा प्रकार मात्र अगदीं वर्ज्य. पितां पितां मूल पेंगलें तर दुसऱ्या अंगाला घ्यावें. चोखण्याइतकी शक्ति नसेल तर काढलेलें दूध वाटी-चमच्यानें किंवा बोंडल्यानें द्यावें, पण जागें असतांनाच. झोपलेल्या मुलाच्या तोंडांत दूध ओतल्यास तें श्वासनलिकेंत जातें.

दूध पोंचतें कीं नाहीं हें लंगोटांवरून कळतें. पाचवीच्या पूजेपर्यंत काळा मळ जाऊन पिवळा होऊं लागावा, आणि त्यापुढें रोज निदान सहा वेळां लघवी व्हावी. त्या रात्रीं सटवाईसाठीं बायका जागरण करतात; कावीळ बहुधा याच सुमारास वाढलेली असते, तेव्हां दिव्याबरोबर बाळाकडेही कोणी पाहील तर जागरण सार्थकीं लागेल.

उठवूनही जें मूल उठत नाहीं, त्याची गोष्ट वेगळी. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें खेड्यांतील स्त्रियांस 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून नवजात बालकांची देखभाल घरोघरीं करविली. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत तिचें फळ प्रसिद्ध झालें. त्या गांवांत नवजात बालकांचें मृत्युप्रमाण निम्म्याहून खालीं आलें होतें. जंतुदोष ओळखण्यासाठीं या स्त्रियांस जीं लक्षणें शिकविलीं होतीं, त्यांत आधीं चांगलें रडणाऱ्या मुलाचें रडणें क्षीण होणें, चांगलें चोखणाऱ्याचें चोखणें मंदावणें, आणि मूल गुंगींत जाणें हीं होतीं. कालच्यापेक्षां आज मूल मंद झालें, हें आईइतकें दुसऱ्या कोणास कळणार? तिनें तसें म्हटलें तर घरच्यांनीं तिला भित्री ठरवूं नये. मूल तडक रुग्णालयांत न्यावें.

पहिल्या दिवसांत मुलाचें वजन थोडें घटतें, आणि दहा ते चौदा दिवसांत, म्हणजे बारशाच्या सुमारास, तें पुन्हां जन्माच्या वेळेइतकें भरतें. तसें तें भरलें व वाढूं लागलें, म्हणजे निरोगी, पुऱ्या दिवसांच्या मुलास घड्याळ पाहून उठविण्याचें कारण उरत नाहीं. अपुऱ्या दिवसांच्या मुलास मात्र डॉक्टर सांगेपर्यंत उठवून पाजणें चालू ठेवावें.