किल्लारीचा कातळ आणि सागरतळीची प्रवाळे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने भूकंपलहरींचे जे संहारक रूप पाहिले, त्यानंतर त्याच जातीच्या लहरी शास्त्रज्ञ मुद्दाम उत्पन्न करतात हे मराठवाड्यातील वाचकास सांगताना मन संकोचते. तथापि भूगर्भाचे अंतरंग जाणण्याचे याहून समर्थ साधन नाही. पुढे किल्लारीस घेतलेल्या खोल छिद्रात सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्याखाली अवघा आठ मीटर गाळ आणि तळाशी अतिप्राचीन नाइस खडक लागला. नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे तर काळा पाषाण संपून खालचा ग्रॅनाइटच उघडा पडतो. गाळाचे जाड थरच नसल्याने, अशा लहरींनी गाडलेल्या प्राचीन प्रवाळभित्तींचा दाखला या मुलखात शोधणे व्यर्थ होय.

परंतु हाच काळा पाषाण पश्चिमेस अरबी समुद्राखाली उतरतो, आणि तेथील मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या पायथ्याशी कोठे तो, तर कोठे त्याहूनही जुना खडक असून त्यावर मायोसीन काळातील चुनखडक साचला आहे. अशा ठिकाणी जहाजावरून दाबलेल्या हवेचे स्फोट करून, थराथरावरून परतणाऱ्या लहरींची नोंद घेतली जाते. त्या आलेखात समांतर रेषांमध्ये एखादा उंचवटा दिसावा, त्याच्या पोटातील रेषा विस्कळीत असाव्यात, कारण प्रवाळ थरांनी साचत नाही, तर जागच्या जागी वाढतो. शेजारचे थर त्याच्या कडेशी येऊन थांबावेत आणि वरचे त्यावर किंचित वाकावेत, कारण बाजूचा मऊ चिखल दाबाने अधिक खचतो. तेव्हा अभ्यासकास प्रवाळभित्तीचा संशय येतो. चुनखडकातून लहरी सभोवतीच्या शेल या चिखलाच्या खडकापेक्षा शीघ्र धावत असल्याने, खालचा सपाट थर आलेखात वर उचलल्यासारखा भासतो, आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ते हेच, की हा भासच येथे पुरावा ठरतो.

मात्र हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही. गाळात गाडली गेलेली बेसाल्टची टेकडीही लहरींना तशीच वेगाने वाट देते व तसाच उंचवटा दाखवते. म्हणून ज्या प्रदेशाचा पायाच काळ्या पाषाणाचा आहे, तेथे केवळ आकारावरून निवाडा देणे माझ्या मते अविचाराचे आहे. खुद्द मुंबई हायचा चुनखडकही एकाकी प्रवाळभित्ती नसून उथळ समुद्रातील विस्तीर्ण मंचावरचा संचय आहे. अखेरचा निकाल छिद्रातून काढलेला खडकच देतो: १९७४ साली ‘सागर सम्राट’ या छिद्रण-जहाजाने तेथे छिद्र घेतले, तेल लागले, आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादनास प्रारंभ झाला.