विश्लेषण : नव्या गेमिंग पीसीचे ग्राफिक्स कार्ड खरेच ‘मेले’ आहे का?

पंखे फिरतात, रॅमच्या पट्ट्या रंगीबेरंगी उजळतात आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. स्वतः पीसी जोडणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो याच क्षणी. तळेगाव, कामशेत, लोणावळ्यात राहणाऱ्यांची पंचाईत जरा जास्त. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले असतात. महागाचे कार्ड पिशवीत घालून पुन्हा लोकल पकडायची, दुकानदाराच्या टेबलावर ते ठणठणीत चालायचे आणि तसेच परत यायचे. ही फेरी बऱ्याचदा वाचू शकते.

केबल कुठे लावली आहे?

हसू नका, पहिली चूक इथेच होते. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली असते. ती खालच्या बाजूला आडव्या बसलेल्या ग्राफिक्स कार्डाला लावायची. इंटेलच्या आय५-१२४००एफसारख्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसतेच. रायझन ५ ५६०० चेही तेच. अशा वेळी मदरबोर्डच्या सॉकेटमधून कधीच चित्र येणार नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून मदरबोर्डवरून पीसी सुरू करून पाहा. चित्र आले, तर बाकीचा संसार ठीक आहे. संशय कार्ड, त्याचा स्लॉट आणि त्याची वीज एवढ्यावरच उरतो.

डीडीआर५ रॅम असेल तर थोडा धीर धरा. पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो, त्याला काही मिनिटेही लागू शकतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबले की पुन्हा पहिल्यापासून. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतील, तर त्यातला ‘व्हीजीए’ पेटून राहिला आहे का, ते बघा.

वीज पोहोचते का?

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. आरटीएक्स ४०६० ची गरज ११५ वॉट, म्हणजे वेगळी केबल हवीच. आठ पिनांची एक केबल १५० वॉट देते. गोंधळ असा, की प्रोसेसरची केबलही आठ पिनांचीच असते. प्रोसेसरची चार-चार अशी फुटते, कार्डाची सहा-दोन. बसत नसेल तर जोर लावू नका. दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायची केबल तर बसली तरी वापरू नका. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी सगळीकडे सारखी नसते आणि कार्ड जळू शकते.

प्लग पूर्ण आत गेला का, हेही बोटाने चाचपा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे १६ पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, तेव्हा प्लग नीट न बसणे हे प्रमुख कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले होते. मग पीसी बंद करून, वायर काढून कार्ड एकदा उपसा आणि सर्वात वरच्या लांब स्लॉटमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.

पावसाचा काय संबंध?

जुलैत एसी गाडीतून खंडाळ्याला उतरलात की चष्म्यावर धुके धरते. गार पडलेल्या कार्डावरही तसेच दव धरते. म्हणून खोके घरी आणल्यावर दोनेक तास न उघडता ठेवा. कितीही हात शिवशिवले तरी!

दुसरा प्रश्न इन्व्हर्टरचा. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज ये-जा करते. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट आजच्या पॉवर सप्लायना मानवतेच असे नाही. वीज गेली की पीसी एकदम बंद पडतो आणि दोष कार्डावर येतो. शुद्ध साइन वेव्हचा, पुरेशा क्षमतेचा यूपीएस घेणे बरे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मात्र गेम राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

गेम सुरू होताच पडदा काळा?

डेस्कटॉप दिसतो आणि गेममध्ये गडबड होते, तेव्हा जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका. तापमान बघा. ओव्हरक्लॉकिंग बंद करा. तरीही पीसी थेट रीस्टार्ट होत असेल, तर पॉवर सप्लाय अपुरा पडतो आहे का, ते तपासा. पैसे वाचवायला लोक कात्री लावतात ती याच भागावर, आणि तो शहाणपणा नव्हे.

परत करायचेच झाले तर?

मित्राच्या पीसीत कार्ड लावून त्याचा व्हिडिओ काढा. तिथेही चित्र आले नाही, तर दुकानदाराशी वाद घालायला हातात काहीतरी राहते. सीरियल नंबरच्या स्टिकरला आणि सीलला हात लावू नका. दाद मिळाली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. त्यामुळे कार्ड मुंबईतून घेतले असले तरी मावळातल्या ग्राहकाला पुणे जिल्हा आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. बिल मात्र हवे. ते गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर आजच फोटो काढून ठेवा. वॉरंटी संपायच्या आधी त्यावरची अक्षरे उडून जातात.